वाघांची शिरगणती आणि वंशाचे भांडवल

ताडोबाच्या दोन वाघिणींना ओडिशात का न्यावे लागले?

२०२४ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस पश्चिम बंगालमधील बांकुरा जिल्ह्यात एका गावाजवळच्या झाडीला वनखात्याच्या माणसांनी जाळ्यांचा वेढा घातला होता. आत तीन वर्षांची एक वाघीण दडून बसली होती. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होता, त्यामुळे ती कोठे आहे हे कळत होते. पण ती हाती लागत नव्हती. गावकऱ्यांना घराबाहेर पडू नका असे सांगितले होते. अखेर २९ डिसेंबर रोजी भुलीचे इंजेक्शन देऊन तिला पकडण्यात यश आले आणि सुमारे तीन आठवड्यांची धावपळ संपली.

या वाघिणीचे नाव झीनत. तिचा जन्म ना बंगालमधला, ना ओडिशातला. ती आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातली. नोव्हेंबर महिन्यात तिला ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले होते. तिच्या आधी काही दिवस जमुना नावाची दुसरी वाघीणही ताडोबातूनच तेथे गेली होती. जमुना जंगलातच राहिली. झीनतने मात्र मोकळे सोडल्यावर थोड्याच दिवसांत सिमिलीपालची सीमा ओलांडली. ती झारखंडमध्ये शिरली, तेथून बंगालमध्ये झाडग्राम, पुरुलिया असे जिल्हे पालथे घालीत बांकुऱ्याला पोहोचली. वाटेत तिने काही शेळ्या मारल्या. पकडल्यानंतर तिला पुन्हा सिमिलीपालला पोहोचविण्यात आले.

वर्तमानपत्रांतून ही हकिकत वाचणाऱ्या अनेकांच्या मनात एक सरळ प्रश्न उभा राहिला असेल. सिमिलीपालमध्ये वाघ नव्हते असे नाही. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अभयारण्यांत आपल्या मेळघाटाबरोबर सिमिलीपालचाही समावेश होता. ओडिशा सरकारने २०२३-२४ मध्ये केलेल्या गणनेत राज्यात ३० वाघ आढळले आणि त्यांपैकी २७ एकट्या सिमिलीपालचे होते. मग ज्या घरात २७ वाघ आहेत, तेथे शेकडो मैलांवरून आणखी दोन वाघिणी आणण्याचा खर्च, धोका आणि खटाटोप कशासाठी?

उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे : सिमिलीपालमध्ये वाघ होते, पण त्या वाघांत वैविध्य उरलेले नव्हते.

काळ्या वाघांचे रान

सिमिलीपालचे वाघ जगात वेगळे म्हणून ओळखले जातात. नेहमीच्या वाघाच्या पिवळ्या-नारिंगी अंगावर काळे पट्टे असतात. सिमिलीपालच्या काही वाघांत हे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की पाठीकडून पाहिल्यास वाघ जवळजवळ काळाच दिसतो. २०२३-२४ च्या गणनेत तेथील २७ वाघांपैकी १३ अशा काळ्या पट्ट्यांचे निघाले. म्हणजे जवळपास निम्मे! भारताच्या दुसऱ्या कोणत्याही जंगलात असे वाघ दिसत नाहीत. सिमिलीपालखेरीज ते आढळले ते प्राणिसंग्रहालयांत.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी विनय सागर यांनी इतर संस्थांच्या मदतीने या काळेपणाचे कारण शोधून काढले. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची आखणी ठरविणाऱ्या एका जनुकात एका अक्षराचा बदल झालेला आहे आणि त्या एका बदलाने पट्टे पसरट होतात, असे त्यांना आढळले. हेच जनुक घरगुती मांजराच्या अंगावरील नक्षी आणि आफ्रिकेतील एका विशिष्ट जातीच्या पट्टेरी चित्त्याचे रूप ठरविते, हे आधीच ठाऊक होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक प्राण्याला एकेका जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. वाघ काळा व्हायचा तर दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. एकच प्रत बदललेली असेल तर वाघ नेहमीसारखाच दिसतो. दोष किंवा गुण आत दडून राहतो. मोठ्या जंगलात अशी बदललेली प्रत बाळगणारे दोन वाघ एकत्र येण्याचा योग विरळाच. सिमिलीपालमध्ये तो वारंवार येतो, कारण तेथील बहुतेक वाघ एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. अभ्यासाचा निष्कर्ष असा की, आजचे सिमिलीपालचे वाघ अगदी थोड्या पूर्वजांपासून वाढले आहेत आणि प्रजनन करणारे दुसरे वाघ त्यांच्यापासून सुमारे आठशे किलोमीटर दूर आहेत. घनदाट, अंधाऱ्या रानात काळ्या रंगाचा शिकारीला थोडा फायदा होत असण्याची शक्यता शास्त्रज्ञ नाकारीत नाहीत. परंतु काळ्या वाघांची इतकी संख्या होण्यास लहान कुटुंब आणि निव्वळ योगायोग या दोनच गोष्टी पुरेशा आहेत, असे त्यांचे गणित सांगते.

काळा वाघ म्हणजे निसर्गाचा चमत्कार म्हणून पर्यटक त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. जाणकारांना मात्र त्या काळ्या पट्ट्यांत एक इशारा दिसतो. डोळ्यांना दिसणारा एक बदल जर इतक्या वेगाने पसरू शकतो, तर डोळ्यांना न दिसणारे, हृदयाचे, प्रजननाचे, रोगप्रतिकाराचे दोषही त्याच वाटेने पसरत असतील.

उलट्या चक्रवाढीचा हिशेब

लहान संख्येत वैविध्य का घटते, हे समजण्यास शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. नाणे हजार वेळा उडविले तर छापा आणि काटा जवळजवळ निम्मे निम्मे पडतात. तेच नाणे चार वेळा उडविले तर चारही वेळा छापा पडणे काही अशक्य नाही. पिढी बदलताना जनुकांचे असेच होते. हजारो वाघ असतील तर आधीच्या पिढीतील बहुतेक सर्व प्रकार पुढच्या पिढीत उतरतात. दहा-वीस वाघ असतील तर एखादा प्रकार केवळ दैवयोगाने कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि एकदा गेला की गेला.

याचा हिशेब विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडून ठेवला आहे. प्रजननात खरोखर भाग घेणाऱ्या प्राण्यांची संख्या दहा असेल, तर प्रत्येक पिढीला वैविध्याचा विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के, गळून जातो. शंभर रुपयांचे पंचाण्णव होतात, पंचाण्णवाचे सव्वानव्वद, आणि दहा पिढ्यांनी हाती साठच्या आसपास उरतात. ही उलट्या दिशेने चालणारी चक्रवाढ होय. प्रजनन करणारे प्राणी पन्नास असतील तर दर पिढीला एकच टक्का जातो आणि दहा पिढ्यांनंतरही नव्वद शिल्लक राहतात. वाघाची पिढी ढोबळमानाने पाच-सहा वर्षांची धरली, तर दहा पिढ्या म्हणजे पन्नास-साठ वर्षे. माणसाच्या एका आयुष्यात जंगलाचे चाळीस टक्के भांडवल संपू शकते आणि शिरगणतीच्या आकड्यात त्याचा मागमूसही लागत नाही.

यात आणखी एक मेख आहे. गणनेत मोजलेला प्रत्येक वाघ प्रजननात भाग घेत नाही. काही म्हातारे असतात, काही कोवळे असतात. नर वाघ आपला मुलूख राखून असतो आणि त्याच्या मुलुखात दोन-तीन वाघिणी राहतात. त्या सर्वांच्या बछड्यांचा बाप तो एकटाच. ज्या नरांना मुलूख मिळत नाही ते कडेकडेने भटकतात आणि बहुधा संतती मागे न ठेवताच मरतात. खातेदार पुष्कळ, पण उलाढाल मोजक्यांचीच, असा हा प्रकार. म्हणून सत्तावीस वाघांचे जंगल हिशेबाच्या दृष्टीने त्याहून बरेच लहान असते.

मोठ्या समुदायात निसर्गाची चाळणी आपले काम चोख करते. दुष्काळ, रोगराई, भक्ष्याची टंचाई, दुसऱ्या नराशी होणारी झुंज या साऱ्या संकटांतून जे तगण्यास योग्य असतात ते पुढे जातात. लहान समुदायात ही चाळणी बोथट होते. तेथे योग्यतेपेक्षा योगायोग बलवान ठरतो. एखादा उत्तम नर विजेच्या तारेला चिकटून मेला आणि सामान्य नर वाचला, तर पुढच्या पिढ्यांचे रूप सामान्य नरावरून ठरते.

जवळच्या नात्यात होणाऱ्या संततीत दडलेले दोष वर येतात, हे आपल्या समाजाला नवे नाही. सोयरीक जुळविताना जवळची नाती टाळण्याची रीत घरोघरी पाळली जाते. वाघांचीही निसर्गाने तशीच व्यवस्था केली आहे. नर बछडे दोन वर्षांचे झाले की आईचा मुलूख सोडून दूर निघून जातात. माद्या बहुधा आईच्या शेजारी राहतात. मुलगे दूर जातात म्हणूनच भाऊ-बहिणींची गाठ पडत नाही. पण जंगलाला चारी बाजूंनी शेते, खाणी आणि रस्ते यांनी वेढले की मुलग्यांना जायला जागाच राहत नाही. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका भारतीय अभ्यासात राजस्थानातील रणथंभोरच्या वाघांत जवळच्या नात्यातील प्रजननाच्या खुणा इतर जंगलांतील वाघांपेक्षा अधिक आढळल्या, त्याचे कारण हेच.

भांडवल कोठे गेले?

एकेकाळी भारतातील वाघांची वस्ती सलग होती. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत रानाला रान लागून होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या संशोधनानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. वाघ मारण्यासाठी सरकार इनाम देत असे, आणि इंग्रज अधिकारी व संस्थानिक यांच्यासाठी वाघाची शिकार हा प्रतिष्ठेचा विषय होता. नंतर जंगले तुटली, आणि उरलेली राने एकमेकांपासून अलग झाली.

त्या काळच्या शिकारींची कातडी आणि हाडे इंग्लंड-स्कॉटलंडमधील संग्रहालयांत आजही जपून ठेवलेली आहेत. भारतीय व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यांतून जनुकीय नमुने काढले आणि आजच्या भारतीय वाघांशी ताडून पाहिले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईकडून संततीत उतरणाऱ्या जनुकद्रव्याचे जे प्रकार जुन्या वाघांत होते, त्यांपैकी ९३ टक्के प्रकार आजच्या वाघांत आढळत नाहीत. ज्यांनी वाघ मारले त्यांच्याच दिवाणखान्यातील कातड्यांनी आपण काय गमावले याची नोंद जपून ठेवावी, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल.

या पार्श्वभूमीवर आजचे आकडे वाचावयास हवेत. २००६ च्या गणनेत भारतात १४११ वाघ होते. २०१८ मध्ये ते २९६७ झाले आणि २०२२ च्या अंदाजात ३६८२ वर गेले. महाराष्ट्राचा आकडा ४४४ आहे. सरकार, वनखात्याचे कर्मचारी आणि जंगलाशेजारचे ग्रामस्थ यांचे हे यश मोठे आहे. त्याविषयी दुमत नाही. पण संख्या वाढली म्हणून गेलेले वैविध्य परत येत नाही. नवे जनुकीय प्रकार निपजण्यास हजारो वर्षे लागतात. दहा वाघांचे शंभर झाले तरी ते त्या दहांचेच वंशज असतात.

सौराष्ट्रातील गीरच्या सिंहांचे उदाहरण याच जातीचे आहे. एकेकाळी पश्चिम आशियापासून उत्तर भारतापर्यंत असलेला हा सिंह विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात फक्त जुनागढ संस्थानाच्या गीर रानात उरला. संरक्षणामुळे १९६८ मध्ये १७७ असलेली त्याची संख्या २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१ झाली. तरीही १९८० च्या दशकातील तपासण्यांत या सिंहांच्या जनुकांत फरक जवळजवळ आढळला नव्हता. २०१८ मध्ये गीरच्या एका भागात काही आठवड्यांतच २३ सिंह दगावले आणि त्यांतील काहींच्या शरीरात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचे विषाणू सापडले, तेव्हा सारा देश हादरला. साथ आटोक्यात आली. परंतु सगळा माल एकाच गोदामात ठेवण्याचा धोका कोणता, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

पांढऱ्या वाघाचा धडा

वंशाची जपणूक आणि रूपाची जपणूक यांत अंतर आहे, हे विसरल्यास काय होते याचा दाखला पांढऱ्या वाघांत मिळतो. १९५१ मध्ये रीवा संस्थानच्या रानात पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला गेला. महाराजा मार्तंडसिंह यांनी त्याचे नाव मोहन ठेवले. त्याला नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून झालेली संतती पांढरी निघाली नाही. म्हणून पुढे त्याचा त्याच्याच राधा नावाच्या मुलीशी संयोग घडविण्यात आला आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. तेथून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पांढऱ्या वाघांची मागणी वाढली आणि ती पुरविण्यासाठी नात्यातच प्रजनन चालू राहिले. पांढऱ्या वाघांत तिरळेपणासारखे दोष वारंवार दिसतात. प्रेक्षकांना एक रंग मिळाला. त्याची किंमत प्राण्यांनी मोजली.

सिमिलीपालच्या काळ्या वाघांबाबत हा मोह टाळण्यात आला, ही समाधानाची बाब आहे. काळ्या वाघाची काळ्या वाघिणीशी गाठ घालून पर्यटकांची गर्दी वाढविणे सोपे होते. त्याऐवजी बाहेरचे रक्त आणण्याचा निर्णय झाला. त्यामुळे पुढे काळे वाघ थोडे कमी दिसतील. वाघांचा वंश मात्र अधिक बळकट होईल.

फ्लोरिडाचा अनुभव

बाहेरून थोडे प्राणी आणल्याने खरोखर फरक पडतो का? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने दिले आहे. तेथे प्यूमा या मोठ्या मांजराच्या कुळातील प्राण्याची एक अलग पडलेली वस्ती आहे. शिकार आणि वाढती शहरे यांमुळे १९९० च्या दशकाच्या आरंभी ती वीस-तीस प्राण्यांवर आली होती. त्यांच्या शेपटीच्या टोकाला मुरड पडलेली असे, पाठीवर केसांचा भोवरा असे. वरवर या किरकोळ खुणा होत्या. पण त्याच प्राण्यांत हृदयाला छिद्र असणे आणि नरांची प्रजननक्षमता क्षीण होणे हे गंभीर दोषही वाढले होते.

१९९५ मध्ये टेक्सासमधून आठ प्यूमा माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. आठपैकी पाच माद्यांना पिल्ले झाली. संमिश्र वंशाची ही पिल्ले अधिक तगली, दोष कमी झाले आणि काही वर्षांत संख्या सुमारे तिप्पट झाली. पाच माद्यांनी एका संपत आलेल्या वंशाला उभे केले. राइट यांच्या गणितातूनही असेच काहीसे निघते : अलग पडलेल्या वस्तीत दर पिढीला बाहेरचा एक जरी प्राणी येऊन त्याची संतती वाढली, तरी वैविध्याची गळती पुष्कळ अंशी थांबते. पिढीला एक पाहुणा, इतकीच निसर्गाची मागणी आहे.

झीनत आणि जमुना या दोघींकडे त्या दृष्टीने पाहिले पाहिजे. मध्य भारतातील वाघांची वस्ती मोठी आहे आणि तिच्यात वैविध्यही चांगले टिकून आहे. ताडोबात २०२२ च्या गणनेत ९७ वाघ होते. तेथून दोन माद्या गेल्याने ताडोबाचे काही उणे होत नाही. सिमिलीपालला मात्र नवे भांडवल मिळते.

पायी चालणारा पाहुणा

तथापि दर पिढीला पिंजऱ्यात घालून, ट्रकमधून वाघ नेणे हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. वाघाला चालता येते. त्याला फक्त वाट हवी असते.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाने हे २०१९ मध्ये सिद्ध करून दाखविले. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होता, म्हणून त्याच्या प्रवासाची नोंद राहिली. जून महिन्यात तो निघाला. तेलंगणाच्या हद्दीत गेला, परत आला, शेतांतून, ओढ्यांच्या काठाने, रस्ते ओलांडीत मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरून फिरत राहिला आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत तो तेराशे किलोमीटर चालला होता. पुढच्या भटकंतीसह हा आकडा तीन हजारांवर गेला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ असे नाव दिले.

या प्रवासाचा शेवट मात्र विचार करायला लावणारा आहे. ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य होते, पाणी होते, मादी नव्हती. इतके चालूनही तो कोणत्याही नव्या वस्तीला आपला वंश देऊ शकला नाही. म्हणजे वाट असून भागत नाही. वाटेच्या दुसऱ्या टोकाला नांदते घरही असावे लागते.

वाट राखण्याचा एक चांगला नमुना महाराष्ट्रात आहे. नागपूर-शिवनी राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या रानातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी न्यायालयापर्यंत वाद गेला आणि अखेर महाराष्ट्रातील टप्प्यात नऊ ठिकाणी महामार्ग उचलून खालून प्राण्यांसाठी मार्ग ठेवण्यात आले. त्यांतील सर्वांत लांब मार्ग सुमारे साडेसातशे मीटरचा आहे. खाली बसविलेल्या कॅमेऱ्यांत हरणे, रानडुकरे, रानकुत्रे आणि वाघ जाताना टिपले गेले आहेत. वरून मालमोटारी धावतात, खालून वाघ जातो. विकास आणि वन्यजीव यांपैकी एकच निवडावा लागतो, या समजुतीला हे बांधकाम उत्तर देते. त्याला अधिक खर्च येतो हे खरे. पण तो खर्च रस्त्याच्या किमतीचाच एक भाग समजला पाहिजे.

वाटेवरची माणसे

या साऱ्या हिशेबात एक खाते अजून उघडलेले नाही, आणि ते सर्वांत अवघड आहे. वाघाची वाट माणसांच्या वस्तीतून जाते. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या घटना दरवर्षी घडतात. गुराख्याची गाय जाते, शेतकऱ्याचे रात्रीचे ओलीत थांबते. शहरातील वाचकाला वाघ म्हणजे अभिमानाचा विषय. जंगलाशेजारच्या कुटुंबाला तो रोजचा धोका आहे.

हे दुर्लक्षिल्यास काय होते, ते ओडिशानेच अनुभवले आहे. २०१८ मध्ये सातकोसिया व्याघ्र प्रकल्पात कान्हातून महावीर हा नर आणि बांधवगडमधून सुंदरी ही मादी आणण्यात आली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ नेण्याचा तो देशातील पहिला प्रयत्न होता. गावकऱ्यांचा विरोध होता. माणसे दगावल्याचा दोष सुंदरीवर आला, तेव्हा तिला बंदिस्त करावे लागले आणि पुढे मध्य प्रदेशात परत पाठवावे लागले. महावीर त्याच वर्षी नोव्हेंबरात मेला. त्याच्या मानेला फासाची जखम होती. कागदावरची योजना निर्दोष होती. ज्या माणसांमध्ये ती राबवायची होती, त्यांची तयारी झालेली नव्हती.

याउलट मध्य प्रदेशातील पन्ना येथे २००९ मध्ये वाघ पूर्णपणे नाहीसे झाल्यावर बांधवगड, कान्हा आणि पेंच अशा तीन वेगवेगळ्या जंगलांतून वाघ आणण्यात आले. पेंचहून आणलेला नरही झीनतप्रमाणेच निघून गेला होता. घराच्या ओढीने तो दक्षिणेकडे चालत राहिला. वनकर्मचाऱ्यांनी महिनाभर हत्तींवरून आणि पायी त्याचा माग काढला, ऐन डिसेंबरात त्याला परत आणले, आणि पुढे तोच पन्नाच्या नव्या वंशाचा मूळ पुरुष ठरला. आज पन्नात पन्नासांहून अधिक वाघ नांदतात. पहिल्या महिन्यात पाहुणा पळून गेला म्हणून प्रयत्न फसला असे मानण्याचे कारण नाही, हे पन्नाने दाखविले आहे.

झीनतने बंगालमध्ये काढलेल्या दिवसांचेही दोन अर्थ लागतात. एक अर्थ वनखात्याच्या दमछाकीचा. दुसरा अर्थ असा की, सिमिलीपालच्या बाहेर वाघाची वाट पूर्णपणे बुजलेली नाही. तीन राज्यांच्या रानांतून, टेकड्यांतून, गावांच्या कडेने एक वाघीण जाऊ शकली, आणि त्या गावांनी काठ्या-कोयते हाती न घेता वनखात्याला आपले काम करू दिले. ज्यांनी त्या थंडीच्या रात्री दारे लावून काढल्या, ज्यांच्या शेळ्या गेल्या, त्यांचाही सिमिलीपालच्या पुढच्या पिढ्यांत वाटा आहे. त्यांना वेळेवर भरपाई मिळणे हा उपकाराचा नव्हे, देणे चुकते करण्याचा विषय आहे.

वाघांचा पुढचा आकडा जाहीर होईल तेव्हा तो बहुधा आधीपेक्षा मोठाच असेल, आणि वर्तमानपत्रे त्याचे स्वागत करतील. ते योग्यच आहे. परंतु त्या आकड्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे : हे वाघ किती घराण्यांतून आले आहेत, आणि त्या घराण्यांना एकमेकांकडे जाण्यायेण्याची वाट उरली आहे काय? सिमिलीपालच्या रानात या प्रश्नांची उत्तरे एखाद्या बछड्याच्या पाठीवर वाचता येतील. ताडोबाच्या लेकीचे ते बछडे नेहमीच्या पिवळ्या रंगाचे आणि अरुंद पट्ट्यांचे असेल, तर ते पाहून पर्यटक कदाचित निराश होतील. वाघाचा हिशेब ठेवणारे मात्र समाधानाने ती नोंद जमेच्या बाजूला करतील.